हातांची वही

शंभर पानी वही, पुढून उधारीची.
ती उलटी करून
मी मागच्या पानापासून हात काढायला घेतले.
पंजा ठेवा. बोटं सैल सोडा.
पेन्सिल फिरताना गुदगुल्या होतात, हलू नका.

वरुडात, पोस्टामागच्या गाळ्यात
दोन टीव्ही, एक कूलर, चार कंट्रोलर;
त्यातले दोन असे, की काठीला बोट न लावताही
गाडी आपली डावीकडे, डावीकडे, नाल्यात.
"हे तं आमच्या गोऱ्ह्यावानी हाय," दुर्वास म्हणाला,
"रस्ता सोडला का याले हिरवंच दिसते."
नवे घ्यायचं ठरलं.
पण कोणाच्या हाताचे?

दुर्वास खवले, ट्रॅक्टरवाला: पान पुरलं नाही,
अंगठा पुढच्या पानावर गेला.
लहान कंट्रोलर त्याच्या मुठीत
साबणाची झिजलेली वडी होतो.
अश्फाक संत्र्याच्या पेट्या ठोकतो,
तर्जनीचं नख काळं पडलेलं;
ट्रिगर दाबताना दात आवळतो, सांगत नाही.
वेदू तिसरीतला. हात काढूनही
एवढी जागा उरली की त्यानं तिथं कुत्रा काढला.
गौतमी इंगळे डावखुरी,
कबड्डीत मोडलेली करंगळी तशीच जुळलेली.
"वाकडीच काढ," म्हणाली, "सरळ करू नोको."

मंदाताई उईके सहाला शेडवरून सुटतात
दिवसभर संत्री प्रतीनं लावून,
पोराला न्यायला येतात
आणि दारातच चपला काढून एक डाव मागतात.
उजव्या हाताला दोन बोटं नाहीत.
कशी गेली, मी विचारलं नाही.
पेन्सिल तिथं आली आणि अडली.
"दाबू नोको एवढी," त्या म्हणाल्या, "टोक मोडन."

सीताबर्डीत दुसऱ्या माळ्यावर
दुकानदार म्हणाला, बजेट सांगा.
मी वही उघडली.
तो हसला. पानं उलटत गेला, तसा
कपाळावरचा चष्मा नाकावर आला.
मग डबे फुटायला लागले.
हा चकचकीत काळा: दिसायला नवरदेव,
मे महिन्यात घामानं मासोळी होणार. नको.
हा खरखरीत रबराचा, वजन तळहाताकडे. ठेवा बाजूला.
ह्याचं खांद्यावरचं बटण मऊ,
काळ्या नखाला कळणारही नाही.
हा आखूड मुठीचा, वेदूच्या हातावर ठेवला
तर कुत्रा बरोबर मोकळा राहिला.
बटणं अदलाबदल करता येतात तो गौतमीचा.
दुर्वासला सगळ्यात जाड, दोन पानांचा.

मंदाताईंच्या पानाशी आम्ही दोघं बसलो.
चहा आला, गार झाला.
शेवटी त्यानं स्टूल घेतला, वरच्या फळीवरून
धूळ पुसत एक काढलं:
पाटासारखं सपाट, मांडीवर ठेवायचं,
दांड्यावर लिंबाएवढा लाल गोटा,
आणि आठ बटणं, अशी मोठी
की तळहाताच्या कडेनंही दाबली जावीत.
किंमत ऐकून मी वही मिटली.
त्याला म्हटलं, येतो.
जिन्यात चार पायऱ्या उतरलो.
त्या वहीत पुढून आता
एक नाव माझंही आहे.

रविवारी कूलरमध्ये पाणी भरलं.
मंदाताईंनी पाट मांडीवर घेतला,
लाल गोटा दोन बोटांत फिरवला,
दाबला, कानाशी नेतात की काय असं वाटलं,
आणि म्हणाल्या,
"वरून बरा हाय. आतून ढिला. कसून दे."

मी पाना शोधत खाली वाकलो
तेवढ्यात त्यांनी तसाच, ढिलाच, डाव सुरू केला.
वर पाहिलं तर दुर्वास
जाड कंट्रोलर उलटापालटा करून
त्याच्या पाठीवरचे स्क्रू तपासत होता.
"भाऊ," म्हणाला, "हा बदलून आण.
मले हा लागते."